पाहुण्यांना दार उघडणारे नुमान्सिया

उत्तर स्पेनमधल्या सोरिया शहरापासून थोड्या अंतरावर गर्राय नावाचे गाव आहे आणि गावालगतच्या टेकडीवर एकेकाळी नुमान्सिया नावाचे नगर होते. इ.स.पू. 133 मध्ये स्किपिओ एमिलियानुस या रोमन सेनापतीने त्याला वेढा घालून, आतल्या लोकांची उपासमार करून ते पाडले, आणि तेव्हापासून नुमान्सियाचे नाव निघाले की बोलणे होते ते वेढ्याचे, भुकेचे आणि शरण जाण्यापेक्षा स्वतःच्या हाताने मरण पत्करणाऱ्यांचे. स्पॅनिश भाषेत चिवट प्रतिकाराला आजही या नगराच्या नावावरून केलेले विशेषण लावतात. मी या लोकांविषयी वाचू लागले तेव्हा मलाही आधी हा वेढाच भेटला. पण ज्यांच्या मरणावर इतके लिहिले गेले ते लोक रोज काय खात होते, घर कसे बांधत होते, परक्या माणसाला कसे वागवत होते, पाण्यावरून तंटा झाला तर कसा मिटवत होते, हे कळत गेले तसतसे मला या प्रश्नांचेच जास्त महत्त्व वाटू लागले. आणि त्या मरणाचे कारणही बऱ्याच अंशी या जगण्यातच होते, असे आता माझे मत झाले आहे.

रोमन येण्याआधी स्पेन आणि पोर्तुगालच्या या द्वीपकल्पात एकच एक समाज नव्हता. पूर्वेकडच्या भूमध्य किनाऱ्यावर आणि दक्षिणेत इबेरियन लोक राहत. ग्रीक आणि फिनिशियन व्यापाऱ्यांशी त्यांचा शतकानुशतकांचा संबंध होता, त्यांची नगरे तटबंद होती आणि त्यांची शिल्पकला उच्च दर्जाची होती. आतल्या पठारावर, म्हणजे एब्रो नदीच्या दक्षिणेकडचा डोंगराळ भाग आणि दुएरो नदीचे वरचे खोरे इथे, केल्टिक भाषा बोलणारे लोक होते. त्यांना ग्रीक-रोमन लेखकांनी केल्टिबेरी म्हटले. नुमान्सिया हे त्यांच्यातल्या अरेवाकी जमातीचे नगर. त्यांच्या पश्चिमेला गव्हाच्या सपाट प्रदेशात वाक्केई, त्यापलीकडे गुरे पाळणारे वेत्तोनेस, अटलांटिकच्या बाजूला लुसितानी, वायव्य कोपऱ्यात गॅलेसी आणि उत्तरेच्या डोंगरांत कांताब्री व आस्तुरी. या सगळ्यांना मिळून ‘प्राचीन स्पॅनिश लोक’ म्हणणे सोपे असले, तरी त्यांच्या चालीरीती आणि भाषा एकमेकांपासून पुष्कळ वेगळ्या होत्या.

इबेरियनांची लिपी वाचता येते, भाषा मात्र कळत नाही. मानुएल गोमेस-मोरेनो या स्पॅनिश विद्वानाने 1920च्या दशकात ती लिपी उलगडली. त्या लिपीत स्वरांना आणि काही व्यंजनांना स्वतंत्र चिन्हे आहेत, पण क, त, ब यांसारख्या स्पर्श व्यंजनांना सुटे चिन्ह नाही. त्यांच्यासाठी ‘का’, ‘के’, ‘की’ असे प्रत्येक अक्षराचे वेगळे चिन्ह आहे. शिशाच्या पातळ पत्र्यांवर इबेरियन माणसांनी लिहिलेला मजकूर आपण मोठ्याने वाचून दाखवू शकतो आणि तरी त्यातली जवळजवळ एकही ओळ खात्रीने समजू शकत नाही. केल्टिबेरींनी हीच लिपी उसनी घेऊन आपली भाषा लिहिली. त्यांची भाषा केल्टिक कुळातली असल्यामुळे तिचा काही भाग लागतो, विशेषतः माणसांची, कुळांची आणि गावांची नावे.

त्यांच्या चालीरीतींचे वर्णन करणारे लेखक सगळे बाहेरचे. डिओडोरस सिसिलीचा, स्ट्रॅबो आजच्या तुर्कस्तानातल्या अमासियाचा, ॲपियन अलेक्झांड्रियाचा. स्ट्रॅबोने हा देश कधी पाहिला नव्हता. त्याची माहिती पॉलिबियस आणि पोसिडोनियस यांच्या लेखनातून आलेली आहे, आणि त्यांतला पॉलिबियस तर नुमान्सिया पाडणाऱ्या स्किपिओचा निकटवर्ती. जे डोंगरात राहतात ते रानटी आणि जे रोमच्या जवळ आले ते सभ्य, असा या लेखकांचा एक ठरलेला साचा होता. म्हणून त्यांचे प्रत्येक वाक्य उत्खननात निघालेल्या वस्तूंशेजारी ठेवून वाचावे लागते. तसे वाचले की काही वाक्ये गळून पडतात आणि काही आश्चर्यकारकपणे टिकतात.

ओकच्या फळांचेच उदाहरण घ्या. उत्तरेकडचे डोंगरी लोक वर्षाचा दोन तृतीयांश काळ ओकच्या फळांवर काढतात, ती वाळवून, कुटून, दळून त्यांची भाकरी करतात आणि ती भाकरी पुष्कळ दिवस टिकते, असे स्ट्रॅबो सांगतो. लिहिण्यात तुच्छता आहे. पण नुमान्सियाच्या स्मशानभूमीतल्या अस्थींची तपासणी झाली तेव्हा तिथल्या लोकांचा आहार मुख्यतः वनस्पतिजन्य होता, मांस कमी होते, हे दिसून आले. धान्य, कडधान्ये आणि रानातली कठीण कवचाची फळे यांवर हे नगर जगत होते. दळण्यासाठी त्यांच्याकडे दोन गोल दगडांचे जाते होते. असे फिरते जाते जगात ज्या ठिकाणी सर्वांत आधी दिसते त्यांत याच द्वीपकल्पाच्या ईशान्य भागातल्या इबेरियन वस्त्यांचा समावेश होतो, आणि तो काळ साधारण इ.स.पू. पाचव्या शतकाचा आहे. गव्हापासून ते कैलिया नावाची बिअर करत. गहू भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे आणि आंबवायचे ही तिची कृती एका रोमन इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. द्राक्षाची दारू बाहेरच्या व्यापाऱ्यांकडून विकत घेतली जाई आणि तिच्यात मध मिसळला जाई. ऑलिव्हच्या तेलाऐवजी उत्तरेचे लोक लोणी वापरतात, ही गोष्ट स्ट्रॅबोला नोंदवण्याइतकी विचित्र वाटली. आपल्याला ती तशी वाटू नये.

नुमान्सियातली घरे आयताकृती होती. पाया दगडांचा, भिंती लाकडी चौकटीच्या आणि मातीच्या, छप्पर राय नावाच्या धान्याच्या पेंढ्याचे. आत एकामागे एक तीन खोल्या. दाराजवळच्या पहिल्या खोलीत कामाची जागा असे आणि तिच्या जमिनीखाली खणलेल्या तळघरात धान्य व खाण्याच्या वस्तू थंड राहत. मधली खोली घराचे खरे केंद्र: तिथे जमिनीवर चूल, भिंतीला लागून बसायचे ओटे, तिथेच स्वयंपाक, जेवण आणि झोप. शेवटच्या खोलीत साठवण. ही टेकडी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे आणि उत्तरेकडून येणारा वारा हिवाळ्यात असह्य होतो. म्हणून रस्ते एकमेकांना सरळ छेदत नाहीत. चौकात येताना ते थोडे सरकवलेले आहेत, म्हणजे वाऱ्याला नगरातून सरळ धावता येऊ नये. रस्त्यावर गोटे बसवलेले आणि पावसात चिखल ओलांडता यावा म्हणून मधोमध मोठे दगड ठेवलेले. मागाची वजने, भाजक्या मातीची भांडी, घोड्याच्या आकाराचे कपडा अडकवायचे काटे असा पुष्कळ संसार तिथे मिळाला, आणि त्यातला मोठा भाग आज सोरियाच्या नुमान्सिया संग्रहालयात आहे. तिथल्या रंगवलेल्या भांड्यांपैकी एकावर दोन योद्धे एकमेकांसमोर उभे आहेत, दुसऱ्यावर एक माणूस घोड्याला माणसाळवतो आहे. रेषा काळी आणि ठाम आहे, अंग बारीक भूमितीच्या नक्षीने भरलेले आहे, आणि चितारणाऱ्याचा हात कुठेही अडखळलेला नाही.

या लोकांचा पोशाख म्हणजे जाड, काळ्या लोकरीची घोंगडी. रोमनांनी ती पुढे आपल्या सैनिकांसाठी उचलली. पण तिची खरी किंमत इंतेर्काटिया या वाक्केई नगराच्या प्रसंगातून कळते. इ.स.पू. 151 मध्ये लुकुल्लुस हा रोमन अधिकारी या प्रदेशात सोन्या-चांदीच्या आशेने आला. तह झाला तेव्हा नगराने त्याला दहा हजार घोंगड्या, ठरावीक गुरे आणि पन्नास ओलीस दिले. सोने-चांदी काही मिळाले नाही, कारण, ॲपियनच्या सांगण्याप्रमाणे, या लोकांकडे ते नव्हते आणि त्यांना त्याची किंमतही वाटत नव्हती. दहा हजार घोंगड्या म्हणजे किती मेंढ्यांची कातरणी, किती महिन्यांचे सूत आणि किती मागांवरचे किती बायकांचे काम! रोमन लेखक त्या विणणाऱ्या हातांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. इबेरियनांच्या संदर्भात मात्र एक सुंदर नोंद मिळते: तिथे दरवर्षी बायका आपण विणलेले कापड सर्वांसमोर मांडत आणि मतदानाने निवडलेले परीक्षक सर्वाधिक काम करणारीचा सन्मान करत. इबेरियन घरांच्या उत्खननात मागाची वजने सतत निघतात, त्यामुळे ही नोंद मला विश्वासार्ह वाटते.

वाक्केईंची शेतीची पद्धत डिओडोरसने सांगितली आहे. ते दरवर्षी जमीन वाटून घेत, पीक एकत्र करत, प्रत्येकाला त्याचा वाटा देत, आणि जो कोणी पीक लपवून ठेवील त्याला देहदंड देत. आधुनिक काळात या परिच्छेदावर पुष्कळ वाद झाले आणि काहींनी तर या लोकांना आदिम साम्यवादी ठरवले. मला तो निष्कर्ष ओढूनताणून काढलेला वाटतो, कारण वाक्केईंच्या कबरींमध्ये श्रीमंत आणि गरीब हा भेद स्पष्ट दिसतो. पण एक वर्ष पीक बुडाले तर सगळे गाव उपाशी राहील अशा पठारावर धान्य लपवणे हा सर्वांत मोठा गुन्हा मानला जावा, यात नवल नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. केल्टिबेरी लोक गुन्हेगारांशी आणि शत्रूंशी क्रूर, पण परक्या पाहुण्याशी अत्यंत मायाळू असतात, असे डिओडोरस लिहितो. वाटसरू गावात आला की जो तो त्याला आपल्या घरी उतरण्याची विनंती करतो, त्यासाठी त्यांच्यात चढाओढ लागते, आणि ज्याच्यामागे पाहुणे येतात तो देवांचा लाडका असे ते मानतात. हे एवढेच वाक्य हाती असते तर ते परकीय प्रवाशाचे गोड वर्णन म्हणून सोडून देता आले असते. पण त्याचा पुरावा काशाच्या रूपात हातात आहे. केल्टिबेरी प्रदेशातून पाहुणचाराच्या कराराची लहान लहान काशाची चिन्हे मिळाली आहेत. काही डुकराच्या आकाराची, काही बैलाच्या, काही माशाच्या, काही हस्तांदोलन करणाऱ्या हाताच्या. चिन्हाचे दोन भाग असत आणि प्रत्येक पक्षाकडे एकेक राही. दहा वर्षांनी किंवा पुढच्या पिढीत कोणी दारात येऊन उभा राहिला, तर त्याच्याजवळचा अर्धा आपल्या अर्ध्याशी जुळतो का ते पाहायचे. जुळला की तो परका राहत नसे.

यातला एक हात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. तळहातात मावेल एवढा उजवा हात, आणि त्यावर इबेरियन चिन्हांत पण केल्टिबेरी भाषेत कोरलेले एक नाव: लुबोस, आलिसो कुळातला, आवालोचा मुलगा, कोन्त्रेबिया बेलाइस्का गावचा. स्वतःचे नाव, कुळ, वडिलांचे नाव आणि गाव हाच त्यांचा नाव लिहिण्याचा क्रम होता. आपल्या नावात वडिलांचे नाव मध्ये येते आणि गाव आडनावाच्या शेवटच्या ‘कर’मध्ये बसून असते, त्यामुळे मराठी वाचकाला ही पद्धत चटकन ओळखीची वाटेल. दुसऱ्या पक्षाचे नाव या तुकड्यावर नाही. लुबोसने कोणाशी करार केला होता, त्याच्या हाताला कोणाचा हात जुळत होता, हे त्या हरवलेल्या अर्ध्या भागाबरोबर गेले. पण एवढे नक्की की लिपी त्यांनी शिकून घेतली आणि तिचा उपयोग ज्या गोष्टींसाठी केला त्यांत परक्या माणसाला दिलेला शब्द ही एक ठळक गोष्ट होती.

लुबोसचे गाव कोन्त्रेबिया बेलाइस्का म्हणजे आजच्या सारागोसा शहराजवळचे बोतोर्रिता. इथे काशाचे मोठे लेखपट सापडले आहेत. पहिला 1970 मध्ये मिळाला. त्यावर दोन्ही बाजूंनी केल्टिबेरी मजकूर आहे आणि त्याच्या अर्थावर विद्वान अजून झगडत आहेत. 1992 मध्ये मिळालेल्या एका मोठ्या पटावर अडीचशेच्या आसपास माणसांची नावे आहेत आणि त्यांत स्त्रियांचीही नावे आहेत. पण माझ्या मनात घर करून राहिला तो 1979 मध्ये मिळालेला लॅटिन भाषेतला पट. त्याची तारीख आहे 15 मे, इ.स.पू. 87, आणि विषय आहे पाण्याचा तंटा.

साल्दुये नावाच्या नगराला, म्हणजे जिथे आज सारागोसा आहे तिथल्या लोकांना, कालवा खणायचा होता. त्यासाठी त्यांनी सोसिनेस्तानी नावाच्या शेजाऱ्यांकडून जमीन विकत घेतली. आलाउन, म्हणजे आजचे आलागोन, इथल्या लोकांनी हरकत घेतली. प्रश्न असे होते: सोसिनेस्तानींना ही जमीन आलाउनच्या मर्जीविरुद्ध विकता येते का, आणि कालवा कोणाच्या खासगी शेतातून गेला तर भरपाई किती. खासगी शेताची किंमत कोन्त्रेबियाच्या सभेतून नेमलेल्या पाच जणांनी ठरवावी आणि ती साल्दुयेने शेताच्या मालकाला द्यावी, असे त्यात म्हटले आहे. रोमन अधिकारी वालेरियुस फ्लाक्कुस याने रोमन कायद्याच्या पद्धतीने प्रश्न मांडून दिला, पण निवाडा केला कोन्त्रेबियाच्या सभेने, आणि तो साल्दुयेच्या बाजूने लागला. शेवटी न्यायदान करणाऱ्यांची नावे आहेत: लुब्बुस, उर्दिनो कुळातला, लेतोंदोचा मुलगा, मग लेस्सो, बाब्बुस, सेगिलुस आणि इतर. म्हणजे एक पक्ष इबेरियन, दुसरा बास्क लोकांचे पूर्वज समजल्या जाणाऱ्या वास्कोनेसांचा, न्यायाधीश केल्टिबेरी, आणि कागदपत्राची भाषा लॅटिन. ज्यांना रानटी म्हणून हिणवले जाई ते लोक नुमान्सिया पडल्यानंतर पन्नास वर्षांच्या आत शेजाऱ्यांच्या पाण्याचा तंटा नावानिशी जबाबदारी घेऊन सोडवत होते, आणि माझी खात्री आहे की ही शहाणीव रोमनांनी शिकवलेली नव्हती. रोमनांनी फक्त प्रश्न मांडण्याची भाषा दिली.

देवधर्माविषयी फार कमी कळते. पौर्णिमेच्या रात्री केल्टिबेरी आणि त्यांचे उत्तरेकडचे शेजारी एका अनाम देवासाठी आपापल्या दारासमोर, सगळ्या कुटुंबासह, रात्रभर नाचतात, असे स्ट्रॅबो म्हणतो. मेलेल्यांचे बहुधा दहन होई आणि अस्थी पुरल्या जात. सोबत ठेवलेल्या तलवारी व भाले मुद्दाम वाकवून निरुपयोगी केलेले असत, म्हणजे माणसाबरोबर त्याचे शस्त्रही मेले. युद्धात पडलेल्याला मात्र जाळत नसत. त्याचे शरीर गिधाडांसाठी उघड्यावर ठेवत, कारण हा पक्षी त्याला आकाशातल्या देवांकडे नेतो अशी श्रद्धा होती. प्राचीन लेखकांनी हे लिहिले आहे आणि नुमान्सियाच्या एका भांड्याच्या तुकड्यावर पडलेला माणूस व त्याच्यावर उतरणारे गिधाड चितारलेलेही आहे.

पूर्वेकडच्या इबेरियनांची मृत्यूविषयीची रीत वेगळी होती. अगदी तान्ही बाळे गेली तर त्यांना स्मशानात न नेता राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांच्या राखेसाठी मात्र कधी कधी भव्य शिल्पे घडवली जात. 1971 मध्ये ग्रानादा प्रांतात बासा इथे एका कबरीत बसलेल्या स्त्रीची रंगवलेली दगडी मूर्ती मिळाली. इ.स.पू. चौथ्या शतकातली ही मूर्ती पंख असलेल्या आसनावर बसली आहे, डाव्या हातात एक लहान पक्षी आहे, अंगावरच्या निळ्या आणि लाल रंगाच्या खुणा अजून दिसतात, आणि आसनाच्या बाजूच्या पोकळीत जळलेल्या अस्थी होत्या. कबरीत शस्त्रे होती, म्हणून आधी अस्थी योद्ध्याच्या असाव्यात असे मानले गेले. तपासणीत त्या स्त्रीच्या असल्याचे निष्पन्न झाले. 1897 मध्ये एल्चे इथे मिळालेली, कानांवर मोठी चक्रे असलेली प्रसिद्ध स्त्रीमूर्ती बहुतेकांनी चित्रात पाहिलेली असते. ती लगेच पॅरिसच्या लुव्रला गेली आणि 1941 मध्ये स्पेनला परत आली. माद्रिदच्या पुरातत्त्व संग्रहालयात या दोघी आहेत. मला विचाराल तर बासाची मूर्ती कलाकृती म्हणून अधिक मोठी आहे, कारण ती सौंदर्याचे प्रदर्शन न करता एका अधिकारी स्त्रीचे शांत, थोडे जड झालेले शरीर दाखवते.

वायव्येकडच्या गॅलेसी लोकांविषयी स्वतंत्र लिहायला हवे, इथे थोडक्यात. ते टेकड्यांवरच्या तटबंद वस्त्यांत, दगडी गोल घरांत राहत. पोर्तुगालमधल्या गिमारायश जवळच्या ब्रितेइरोशला आणि गॅलिसियातल्या सांता तेग्राला अशा वस्त्यांचे अवशेष पाहता येतात. दुएरो नदीजवळ राहणारे काही लोक तापवलेल्या दगडांच्या वाफेने अंग शेकतात, तेल चोळतात आणि मग थंड पाण्याने स्नान करतात, असे स्ट्रॅबोने लिहिले होते. ब्रितेइरोशमध्ये मिळालेला नक्षीदार मोठा दगड, ज्याच्या तळाशी माणूस सरपटत जाईल एवढेच छिद्र आहे, एकेकाळी थडग्याचा किंवा बळीच्या वेदीचा मानला जाई. तो अशा वाफेच्या स्नानगृहाचा निघाला. आतली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून दार एवढे लहान. त्यांच्या पूर्वेकडच्या कांताब्रींमध्ये पुरुष स्त्रीला हुंडा देतात, वारसा मुलींना मिळतो आणि बहिणी भावांची लग्ने लावून देतात, हेही स्ट्रॅबोने लिहिले, वर हे काही सुधारलेपणाचे लक्षण नाही अशी टीका केली. त्या टीकेवरून स्ट्रॅबोचा समाज कळतो.

गॅलेसींच्या दक्षिणेकडच्या लुसितानींचा गोव्याशी एक खरा धागा आहे. त्यांचा मेंढपाळ सेनापती विरियाथुस याने रोमनांना वर्षानुवर्षे झुंजवले आणि इ.स.पू. 139 मध्ये लाच घेतलेल्या त्याच्याच साथीदारांनी तो झोपेत असताना त्याला मारले. पुढे पोर्तुगीजांनी स्वतःला या लोकांचे वंशज मानले. गोव्यात काही काळ राहिलेल्या कामोंइश या पोर्तुगीज कवीने 1572 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या महाकाव्याचे नाव या जमातीवरूनच घेतले, आणि जुन्या गोव्याच्या संग्रहालयात त्याचा पुतळा आजही आहे. रोमच्या साम्राज्याशी लढलेल्या मेंढपाळांचे नाव एका नव्या साम्राज्याने आपल्या गौरवासाठी वापरावे, ही गोष्ट मला खटकत आली आहे.

आता पुन्हा नुमान्सियाकडे. तिथले युद्ध सुरू झाले ते सेगेदा नावाच्या दुसऱ्याच केल्टिबेरी नगरामुळे. सारागोसा प्रांतातल्या मारा गावाजवळ या नगराची जागा आहे. आसपासच्या लहान वस्त्यांना सामावून घेण्यासाठी सेगेदाने आपला तट सुमारे आठ किलोमीटरपर्यंत वाढवायला घेतला. रोमच्या सिनेटने मनाई केली आणि इ.स.पू. 179च्या सुमारास झालेल्या तहाकडे बोट दाखवले. सेगेदाच्या लोकांनी उत्तर दिले की तहात नवे नगर वसवायला बंदी आहे, असलेल्या नगराचा तट बांधायला नाही. रोमने युद्ध पुकारले. वसंतात मोहीम वेळेवर निघावी म्हणून कॉन्सुलांनी, म्हणजे रोमच्या दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, 15 मार्चऐवजी 1 जानेवारीला पदभार घ्यायला सुरुवात केली, ती इ.स.पू. 153 पासून. आज आपण ज्या दिवशी नवे वर्ष सुरू करतो त्या दिवसाला रोमन राज्यकारभारात हा मान मिळाला तो एका केल्टिबेरी गावाच्या अर्धवट राहिलेल्या भिंतीमुळे.

भिंत पूर्ण झाली नव्हती. सेगेदाचे लोक बायकामुले घेऊन अरेवाकींकडे पळाले आणि अरेवाकींनी त्यांना घरात घेतले. रोमन इतिहासकार फ्लोरुस तर सरळ सांगतो की नुमान्सियाने आपल्या नात्यातल्या आणि मैत्रीतल्या या लोकांना आश्रय दिला, त्यांच्यासाठी रोमकडे रदबदली केली, ती फुकट गेली, आणि एवढ्यासाठी हे युद्ध झाले. तो स्वतः याला अन्यायाचे युद्ध म्हणतो. वीस वर्षे ते चालले. इ.स.पू. 137 मध्ये मांकिनुस हा रोमन कॉन्सुल सैन्यासह नुमान्सियाच्या हाती सापडला. त्याला आणि त्याच्या हजारो सैनिकांना कापून काढता आले असते. नुमान्सियाने तह केला आणि सोडले. रोमने तह नाकारला, मांकिनुसला उघडा, हात बांधून नगराच्या दाराशी ठेवले. नुमान्सियाने त्याला आत घेतले नाही. शब्द रोमने मोडला होता, एका माणसाचे रक्त घेऊन तो भरून निघणार नव्हता. मग स्किपिओ आला. त्याने नगराभोवती सुमारे नऊ किलोमीटरचा तट आणि छावण्या उभ्या केल्या, दुएरो नदीत टोकदार पाती लावलेले ओंडके सोडून पाण्याची वाट बंद केली आणि नगराशी न लढता वाट पाहिली. रेतोगेनेस नावाचा एक माणूस काही साथीदारांसह रात्री तट ओलांडून नात्यातल्या नगरांकडे मदत मागायला गेला. लुतियातल्या तरुणांनी मदत द्यायचे ठरवले, तेव्हा स्किपिओने त्यांच्यातल्या चारशे जणांचे हात तोडले. ज्या समाजात करार म्हणजे दोन हातांचे काशाचे चिन्ह होते त्या समाजात ही शिक्षा कशी ऐकली गेली असेल, याची कल्पना मला करवत नाही.

नगर पडल्यावरही हे लोक संपले नाहीत. लिपी गेली, हळूहळू भाषा गेली, कुळांची नावे दगडांवर लॅटिन अक्षरांत काही पिढ्या टिकली. मग इ.स. पहिल्या शतकात केल्टिबेरी मुलखातल्या बिल्बिलिस या गावी मार्शल जन्मला आणि रोमला जाऊन लॅटिनमधल्या छोट्या, तिखट कवितांचा उस्ताद झाला. एका कवितेत तो आपल्या एका मित्राला म्हणतो की आपण केल्ट आणि इबेरियन यांच्यापासून जन्मलेले आहोत, तेव्हा आपल्या मुलखाची कठोर नावे कवितेत घ्यायची लाज वाटू नये. आणि तो ती नावे घेतोच: चांगल्या पोलादाचे बिल्बिलिस, रिक्सामेचे नाच, कार्दुआच्या मेजवान्या, पेतेरिसची गुलाबवने, बुरादोची ओकराई. नाजूक कानाच्या रोमन वाचकाला या गावंढळ नावांचे हसू येईल हे त्याला ठाऊक आहे. खुशाल हस, तो म्हणतो, मला इटलीतल्या बुतुंती गावापेक्षा हीच नावे आवडतात.